सनरूफची काच फुटली: नवी बसवण्याआधीची तयारी

सनरूफची काच फुटली की हात आपोआप बटनाकडे जातो. उरलेला भाग निदान मागे सरकवून घेऊ, असं वाटतं. ते बटन दाबायचं नाही. काचेचे कण दोन्ही बाजूंच्या रेलमध्ये पडलेले असतात आणि मोटर फिरली की त्यांच्यावरून प्लास्टिकचे सरकते तुकडे घासत जातात. जुन्या गाडीत हे प्लास्टिक आधीच ठिसूळ झालेलं असतं. ते तडकलं, किंवा काच ओढणाऱ्या केबलचे पीळ सोलले गेले, की नुसत्या काचेचं काम अख्ख्या सांगाड्यावर, म्हणजे रेल, केबल आणि मोटर बसवलेल्या चौकटीवर जातं. म्हणून यादीत सगळ्यात वर लिहा: सनरूफचा फ्यूज काढून ठेवणे. फ्यूज कोणता, ते फ्यूजपेटीच्या झाकणावरच्या नकाशात सापडतं. त्याच फ्यूजवर गाडीतलं आणखी काही चालत असेल, तर बटनावर चिकटपट्टी तरी लावा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून दाबणार नाही. मग फोटो काढा: वरून, आतून, चारही कोपऱ्यांचे, आणि छापील खूण असलेला काचेचा तुकडा चौकटीला चिकटून राहिला असेल तर त्याचा जवळून. विम्याचा दावा करायचा असेल तर फोटो साफसफाईच्या आधीचेच लागतात.

साफसफाईला वेळ जास्त धरा. दोन-तीन तास सहज जातात आणि इथे केलेली घाई पुढे रेलमध्ये करकरत राहते. जुन्या सनरूफची काच बहुधा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते. ती फुटली की तिचे डाळीएवढे खडे होतात आणि ते छताभोवतीच्या पन्हळीत, पडद्याच्या खोबणीत, सीटच्या रेलमध्ये, सीटबेल्टच्या बकलमध्ये जाऊन बसतात. जाड हातमोजे, डोळ्यांवर बंद बाजूंचा चष्मा आणि तोंडावर मास्क लावूनच सुरुवात करा. आधी पन्हळीच्या चार कोपऱ्यांतली ड्रेनची, म्हणजे पाणी खाली जायची भोकं शोधून त्यात स्पंजचे बोळे घाला. मोठे तुकडे हाताने उचला, मग अरुंद तोंड लावलेल्या व्हॅक्यूमने वरून खाली या, शेवटी रुंद चिकटपट्टी उलटी करून टेकवत बारीक कण उचला. व्हॅक्यूम कार्यशाळेत वापरतात तसला, मोठ्या डब्याचा असावा. घरगुती यंत्राची कापडी पिशवी काचेने फाटते. हवेचा झोत मारून झटपट काम करायचा मोह होतो, पण तो झोत कण ड्रेन पाइपांत आणि छताच्या अस्तरामागे ढकलतो, आणि तिथून ते पुन्हा निघत नाहीत. आतल्या सरकत्या पडद्याच्या कापडात कण रुतले असतील तर पडदाही बदलायच्या यादीत टाका. कितीही झटकला तरी महिनोन्महिने त्यातून चुरा गळत राहतो, तोही नेमका डोक्यावर.

नवी काच मिळेपर्यंत छत झाकायला १५० ते २०० मायक्रॉन जाडीचं प्लास्टिक घ्या, भोकापेक्षा चारही बाजूंनी किमान १५ सेंटिमीटर मोठं. छत पुसून कोरडं करा, रंगावर आधी कागदी मास्किंग टेप लावा आणि तिच्यावर जाड चिकटपट्टी. जाड पट्टी थेट रंगावर लावली आणि गाडी दोन दिवस उन्हात राहिली, तर डिंक रंगावर उतरतो. जुना रंग कधी कधी पट्टीबरोबरच निघतो. पट्टी आधी मागच्या कडेला, मग बाजूंना आणि शेवटी पुढच्या कडेला लावा, म्हणजे पुढची पट्टी सगळ्यांवर बसते आणि वारा तिच्या खाली शिरत नाही. तरीही हे झाकण उभ्या गाडीसाठीच समजा. गाडी न्यावीच लागली तर हळू चालवा.

आता मुख्य तपासणी, आणि ती काच मागवण्याच्या आधीच व्हायला हवी. काच आणून ठेवली आणि मग रेल वाकलेली निघाली, हा या कामातला सगळ्यात सामान्य फटका आहे. काच का फुटली, ते आधी ठरवा. दगड लागून फुटली असेल तर खालचा सांगाडा बहुधा शाबूत असतो. गाडी उभी असताना किंवा सनरूफ उघडता-मिटताना फुटली असेल, तर संशय सांगाड्यावर घ्या: एका बाजूची केबल मागे राहून काच तिरकी ओढली जात होती का, एखादा स्क्रू ढिला होऊन काच छताच्या पत्र्याला टेकत होती का, गंजाने कडा फुगून काचेवर दाब येत होता का. यातलं काही असेल आणि ते तसंच ठेवून नवी काच बसवली, तर तीही फुटते.

तपासणी मोटरने नाही, हाताने करा. बऱ्याच जुन्या गाड्यांत छतातल्या पुढच्या दिव्याच्या पट्टीमागे मोटरवर षटकोनी खाच असते. त्यात ॲलन की घालून सनरूफ हाताने फिरवता येतं. रेल साफ झाल्यावर ते एकदा पूर्ण मागे आणि एकदा पूर्ण पुढे न्या. काच उचलणारे दोन्ही बाजूंचे धातूचे हात एकाच वेळी हलले पाहिजेत. समोरासमोरच्या खुणांपासूनचं त्यांचं अंतर पट्टीने मोजा. एक बाजू काही मिलिमीटर मागे असेल तर केबल दात सोडून पुढे सरकली आहे. दोन्ही केबल एकाच गिअरवर चालतात, म्हणून मोटर उतरवून, दोन्ही बाजू बंद स्थितीच्या खुणेवर आणून, मोटरही तिच्या शून्य स्थितीत ठेवून पुन्हा बसवली की हे सुधारतं. पण केबलचे पीळ चपटे झाले असतील, उचलणाऱ्या हाताची पिन ढिली झाली असेल किंवा रेलची कड वाकली असेल, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, भाग बदला. दोन-तीन भाग खराब असतील तर त्याच गाडीचा जुना अख्खा सांगाडा मिळवणं शहाणपणाचं ठरतं.

काच मागवताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये कारखान्याने दोन वेगळ्या पुरवठादारांची सनरूफ बसवलेली असू शकतात. दोन्ही काचा लांबून सारख्या दिसतात आणि स्क्रूची भोकं मात्र जुळत नाहीत. चासी नंबरवरून भाग क्रमांक काढा आणि सांगाड्यावरच्या स्टिकरशी ताडून पहा. स्टिकर गेला असेल तर मापं घ्या: भोकाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, कोपऱ्यांची गोलाई पुठ्ठ्यावर छापून, दर बाजूला स्क्रू किती आणि त्यांच्यातलं अंतर किती, उरलेल्या तुकड्याची जाडी, काचेचा रंग. छताला बाक असतो, म्हणून मापं सपाट पट्टीने नको, मऊ टेपने घ्या. काच तिच्या धातूच्या चौकटीसह येते की नुसती, हेही विचारून घ्या. चौकटीला काच चिकटवणं हे प्रायमर आणि युरेथेन डिंकाचं काम आहे. ते घरी साध्या सिलिकॉनने करायला जाऊ नका. आंबट वासाचं सिलिकॉन धातूला गंज आणतं आणि एवढं वजन धरायला ते बनवलेलंच नाही. ज्या पॅनोरामिक छताची काच थेट पत्र्याला चिकटवलेली असते, तिचं काम काच बसवणाऱ्या कारागिराकडेच द्या. खालचा मजकूर स्क्रूने बसणाऱ्या काचेपुरता आहे.

वापरलेली काच घेत असाल तर ती उजेडाकडे तिरकी धरून कडा बघा. कडेला नखाएवढी टवकाही चालणार नाही, कारण टफन्ड काच कडेलाच कमजोर असते. चौकटीच्या खाली डिंक सुटला आहे का, तेही चारही बाजूंनी दाबून पहा. काचेभोवतीचं रबर मात्र नवंच घ्या. जुनं रबर आखडलेलं असतं आणि नव्या जागी बसत नाही. सोबत काचेचे सगळे स्क्रू नवे घ्या, कारण त्यांच्यावर कारखान्यातून आलेलं लॉकिंगचं रसायन एकदाच कामाला येतं. हेच मिळाले नाहीत तर जुने साफ करून मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारं रसायन) लावा, स्क्रूमागे एक थेंब पुरतो. अस्तराच्या आठ-दहा क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा. जुन्या क्लिपा काढताना तुटतातच.

हत्यारांत बहुधा टी-२५ किंवा त्याच्या जवळचा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा पाना) लागतो. टी-२० ते टी-३० पर्यंतचा संच जवळ असला म्हणजे झालं. सांगाडा उतरवायचा असेल तर १० मिलिमीटरचा सॉकेट आणि लांब एक्स्टेंशन. प्लास्टिकच्या उचकणी, काच धरायचे दोन सक्शन कप, टॉर्च, स्टीलची पट्टी, कागदाच्या पट्ट्या, मास्किंग टेप, लिंट न सोडणारी फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल. ग्रीस दोन प्रकारचं: रेलसाठी उत्पादकाने सांगितलेलं, रबरासाठी सिलिकॉनचं. रबराला पेट्रोलियमचं ग्रीस लावलं की ते फुगतं. रेलवर गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. तो आधीचं ग्रीस धुऊन नेतो, आणि दोन आठवड्यांनी सनरूफ पुन्हा किंचाळायला लागतं.

काच निघालेली असताना जे दिसतं ते पुन्हा वर्षानुवर्षं दिसणार नाही, म्हणून गंज आणि ड्रेन याच वेळी हाताळा. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, तसं ते बनवलेलंही नसतं. आत आलेलं पाणी पन्हळीतून चार पाइपांनी खाली जातं: पुढचे दोन विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबांतून, मागचे दोन मागच्या खांबांतून. छतातून पाणी गळतं म्हणून लोक रबर बदलत राहतात आणि दोष असतो तुंबलेल्या पाइपाचा. स्पंजचे बोळे काढा, एकेका भोकात पेलाभर पाणी हळू ओता आणि खाली कुठून किती वेगाने येतं ते बघा. अडलं तर गवत कापायच्या यंत्राची दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी टोक गोल करून आत सरकवा. तार घालू नका, पाइप फाटतो. जोराची हवा मारू नका. पाइप वरच्या नळीवरून निसटतो आणि सगळं पाणी अस्तरात उतरतं. पाइपांच्या खालच्या टोकाला रबराची चपटी झडप असते; तिच्यात चिखल साचतो, तो चिमटीत दाबून काढा.

पत्र्याच्या कडेचा गंज खरवडून चमकता धातू दिसू द्या, अल्कोहोलने पुसा, प्रायमर लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर रबर बसवलं की ते चिकटतं आणि पहिल्यांदा उघडताना रंग उचलतं. गंज आरपार गेला असेल तर काच थांबवा आणि आधी पत्र्याचं काम करून घ्या.

अस्तर खाली घ्यावं लागणार असेल तर एक सूचना ठळक लिहून ठेवा. छताच्या कडेने पडदा एअरबॅग (अपघातात खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) असतील तर काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. अस्तर एकट्याने उतरवू नका. ते मधोमध एकदा मुडपलं की घडी कायम राहते. नुसती काच बदलायची असेल तर अस्तराला हात लावायची गरज सहसा पडत नाही. पडदा मागे सरकवला, बाजूंच्या पट्ट्या काढल्या की स्क्रू दिसतात.

दिवस कोरडा आणि ऊबदार निवडा, कारण थंडीत नवं रबर ताठ राहतं. मदतीला एक माणूस हवाच. ८५ बाय ४५ सेंटिमीटरची, ५ मिलिमीटर जाडीची काच चौकट सोडून पावणेपाच किलोच्या आसपास भरते. वजनापेक्षा अडचण होते ती दोन्ही हात लांब करून ती सपाट धरायची. छतावर आधी जुनी चादर अंथरा, काच टेकवायला जागा लागते.

बसवताना सगळे स्क्रू आधी अर्धवट लावा. काच बंद स्थितीत ठेवून उंची जुळवा: पुढची कड छताला समतल किंवा एक मिलिमीटरपर्यंत खाली, मागची कड समतल किंवा एक मिलिमीटरपर्यंत वर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळे आकडे असतील तर तेच पाळा. पुढची कड वर राहिली तर वारा शिट्टी मारतो. मग स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि जोर बेताचाच लावा. ॲल्युमिनियमचे आटे जास्त ताकद सोसत नाहीत. रबर आणि पत्रा यांच्यात कागदाची पट्टी धरून चारही बाजूंनी ओढा. ती सगळीकडे सारख्याच अडखळीने निघाली पाहिजे.

यानंतर फ्यूज परत लावा. मोटरला नवी जागा शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत बटन एका दिशेने दाबून धरल्यावर सनरूफ आपली फेरी पूर्ण करतं, नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये असते. फेरी होताना बोट बटनावरून उचललं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. बोट अडकू नये म्हणून असलेली उलट फिरण्याची सोय फेरीनंतर पुन्हा चालू झाली का, ते गुंडाळलेलं जाड फडकं मध्ये धरून तपासा, हात घालून नाही. शेवटी नळाचं पाणी, प्रेशरचं नाही, छतावर दहा मिनिटं सोडा आणि कुणाला तरी आत टॉर्च घेऊन बसवा. अस्तराच्या कोपऱ्यांना आणि खांबांच्या वरच्या टोकांना हात लावून ओल बघा, खाली चारही ड्रेनमधून पाणी येतंय का बघा. आठवडाभर गाडी चालल्यावर स्क्रू आणि उंची पुन्हा एकदा तपासा. नवं रबर तोवर थोडं दबलेलं असतं आणि मागची कड अर्धा मिलिमीटर खाली बसलेली सापडू शकते.