कोकणात भागीदारी प्रकल्पांत काम करायचंय? आधी सातबारा वाचायला शिका

सार्वजनिक-खासगी भागीदारीत शिरायचं म्हटलं की मुलं थेट आर्थिक गणितांचे कोर्स लावतात. गणितं लागतातच, पण किनाऱ्यावर प्रकल्प अडतो तो जमिनीच्या कागदांवर. म्हणून पदवी स्थापत्यची असो, नगररचनेची असो की कायद्याची, पहिले सहा महिने सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) वाचण्यात घाला.

सातबाऱ्यावर आधी भोगवटादाराचा, म्हणजे जमीनधारकाचा, वर्ग बघा. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरण नाही. मग ‘इतर हक्क’ हा रकाना: कुळ, बँकेचा बोजा, असे शेरे तिथेच सापडतात. खरी कसोटी सामाईक खात्यांची. एका गटावर, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्यावर, तीस-चाळीस नावं, त्यातली कितीतरी मयत, वारस मुंबईत. वारस नोंदी आधी उरका. हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस लागते, नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एखादा हिस्सेदार सुटला तर पुढे दिवाणी दावा लागतो आणि बँक कर्जाचा पुढचा हप्ता देत नाही. सगळ्यांची बैठक गणपतीत किंवा शिमग्याला लावा. चाकरमानी तेव्हाच गावात एकत्र सापडतात.

मग सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण भागासाठी दोन प्रकार आहेत: चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर भरतीरेषेपासून 50 मीटर, कमी असेल तर 200 मीटर ना-विकास क्षेत्र. वाळूवरची ओली रेषा बघून अंतर मोजू नका. मंजूर नकाशावरची रेषाच धरा.

जाळी सुकवायची जागा, होड्या ओढायची वाट, देवळाकडे जाणारी पाखाडी यांची सातबाऱ्यावर बहुधा नोंद नसते. गावकऱ्यांसोबत चालत फिरून त्या आराखड्यावर काढा, मगच ग्रामसभेचा ठराव मागा. हे टाळलं की कुंपण घालायच्या दिवशी काम बंद पडतं, आणि गावाची तक्रार रास्त असते.

आर्थिक तक्त्यात उत्पन्न बारा महिन्यांचं धरू नका. पावसाळ्यात प्रवासी बोटी बंद, पर्यटक कमी, बांधकामही थंडावतं. केंद्राच्या व्यवहार्यता तफावत निधीतून (उत्पन्नातून खर्च भागत नाही अशा प्रकल्पांसाठीचं अनुदान) पायाभूत प्रकल्पाला खर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते, पण प्रकल्प त्या योजनेत बसला पाहिजे. घरबांधणीत भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका 8 पेक्षा जास्त असतील तर महारेराकडे (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेचे 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात.

नोकरी शोधताना महाराष्ट्र सागरी मंडळ, पर्यटन विकास महामंडळ आणि त्यांच्यासाठी निविदा तयार करणारे सल्लागार यांच्याकडे अर्ज करा. सोबत स्वतः तपासलेल्या एका गटाचा दोन पानी जमीन-अहवाल जोडा, मालकांची नावं झाकून.