पुरुमेंताच्या दिवसांत संगणकाची डिस्क इमेज

मे महिन्यात घरात सुकी मासळी, मिरच्या, कोकमं भरली जातात, तेव्हाच संगणकाचाही पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवावा. जूनपासून वीज दिवसातून चार वेळा जाते-येते, आणि अशा झटक्यांत डिस्क बसते ती बहुधा ऐन कामाच्या वेळी. फोटो नि हिशेब पेन ड्राइव्हवर ठेवलेले असले तरी विंडोज, हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळ्या सेटिंग पुन्हा बसवण्यात दोन दिवस जातात. डिस्क इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कचा साचा. नवी डिस्क लावली की तो तिच्यावर ओतायचा आणि संगणक त्या दिवशी होता तसा उभा राहतो.

इमेज घ्यायला इथे रेस्क्यूझिला हे सॉफ्टवेअर घेतलं आहे. ते फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून चालतं आणि माउसने वापरता येतं. क्लोनझिला याच जातीचं, पण निळ्या पडद्यावर कीबोर्डने चालवावं लागतं. क्लोनझिलाने घेतलेली इमेज रेस्क्यूझिलालाही वाचता येते.

सामान थोडंच लागतं. एक ४ किंवा ८ जीबीचा पेन ड्राइव्ह (तो पुसला जाणार) आणि एक बाहेरची यूएसबी ३ हार्ड डिस्क, एनटीएफएस फॉरमॅटची. संगणकात जेवढा माल भरलेला आहे, निदान तेवढी मोकळी जागा तिच्यावर हवी. इमेज दाबून लहान होते खरी, पण फोटो आणि व्हिडिओ दाबले जात नाहीत, त्यामुळे त्या बचतीवर विसंबू नका. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जरही लावलेला ठेवा.

खरी मेख सुरुवातीच्या तयारीत आहे. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा माल कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, बऱ्याचदा मालकाला न विचारताच चालू झालेलं असतं. अशा डिस्कमधला भरलेला भाग कुठला नि रिकामा कुठला, हे इमेजच्या सॉफ्टवेअरला कळत नाही. ते सगळंच उचलतं, आणि ५१२ जीबीच्या डिस्कवर माल ९० जीबीच असला तरी इमेज ५१२ जीबीच्या घरात जाते. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. मात्र त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. ही की हाती नसताना बायोसमध्ये (संगणक चालू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूटला हात लावलात तर पुढच्या वेळी संगणक तीच मागत बसेल.

दुसरं म्हणजे फास्ट स्टार्टअप. साध्या शटडाउनने विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तशा अवस्थेतली सी ड्राइव्ह घ्यायला रेस्क्यूझिला कुरकुरतं. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे पूर्ण बंद होईल.

आता रेस्क्यूझिलाची आयएसओ फाइल (अख्खं सॉफ्टवेअर एकाच फाइलीत) रूफस नावाच्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर लिहा. संगणक चालू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ १२, एचपीवर एफ ९. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. पडदा उघडला की ‘बॅकअप’ निवडा आणि संगणकाची डिस्क दाखवा. ती नावावरून नव्हे, आकारावरून ओळखा. पुढच्या पडद्यावर सगळी पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे वेगवेगळे कप्पे, टिक केलेली असू द्या. जागा वाचवायला फक्त सी ठेवण्याचा मोह होतो, पण विंडोज सुरू करणारी फाइल सुमारे १०० एमबीच्या वेगळ्या ईएफआय पार्टिशनमध्ये असते. ती नसली तर परत ओतलेला संगणक काळ्या पडद्याच्या पुढे जात नाही. मग बाहेरची डिस्क आणि फोल्डर निवडा आणि नावात तारीख व संगणकाची ओळख दोन्ही घाला, उदाहरणार्थ ‘दुकान-काउंटर-२५-मे’.

वेळ मालावर आणि तारेवर अवलंबून. यूएसबी २ च्या पोर्टात सेकंदाला जेमतेम ३० ते ४० एमबी जातात, म्हणजे १५० जीबीला तास-सव्वा तास. निळं यूएसबी ३ पोर्ट शोधा. काम झाल्यावर ‘व्हेरिफाय इमेज’ चालवायचा कंटाळा करू नका. इमेज खराब निघाली हे डिस्क गेल्यावर कळून उपयोग नाही.

डिस्क आधीच कटकट वाजत असेल किंवा डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम तिला पिवळा शेरा देत असेल, तर इमेजच्या भानगडीत न पडता आधी महत्त्वाच्या फाइली उतरवून घ्या. मरत्या डिस्कला तासभर सलग वाचायला लावणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं.

परत ओतताना ‘रिस्टोअर’, मग इमेज, मग नवी डिस्क. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. ५१२ जीबीच्या डिस्कची इमेज ५०० जीबीच्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या नव्या जातीच्या डिस्कवर) बसत नाही, माल फक्त ९० जीबी असला तरी. म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात एसएसडी मागताना हा आकडा नीट सांगा. ‘ओव्हरराइट पार्टिशन टेबल’ टिक ठेवा. पुढे जायच्या आधी एकदा थांबून बघा, कारण निवडलेल्या डिस्कवर जे आहे ते सगळं जाणार. पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज गोंधळतं. मदरबोर्डही बदलला असेल तर चार अंकी पिन चालेनासा होऊ शकतो, तेव्हा खात्याचा पासवर्ड लागतो. निळा पडदा येऊन ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणाला, तर बायोसमध्ये स्टोरेजचा मोड, एएचसीआय (AHCI) की रेड (RAID), जुन्या संगणकासारखाच आहे ना ते पाहा.

मेमध्ये घेतलेली इमेज चतुर्थीला ओतली तर जून ते ऑगस्टची बिलं तिच्यात नसणार. म्हणून टॅलीचा डेटा रोज वेगळा उतरवा. आणि इमेजची डिस्क संगणकाला लावून ठेवू नका. वीज पडली तर दोन्ही एकदम जातात, आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअरही जोडलेली डिस्क सोडत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ती ठेवा. त्या पुड्या गणपतीपर्यंत ओल शोषून निकामी होतात, तेव्हा बदला.