ओढ्याकाठचा गाडीरस्ता: अडलेली परवानगी कशी सुटली

ओढ्याकाठच्या गाडीरस्त्याची परवानगी अडली होती. संरक्षित ओढ्यापासून रस्त्याचं अंतर बहुधा पाण्यापासून नव्हे, काठाच्या वरच्या कडेपासून धरतात. उन्हाळ्यात पाण्यापासून मोजलं की आकडा फसवा मोठा येतो. कडेपासून मोजल्यावर अंतर कमी भरलं, म्हणून रस्ता ओढ्यापासून वर सरकवला. काँक्रीटऐवजी 20 मिमी धुतलेली खडी, खाली जिओटेक्सटाइल (खडी मातीत रुतू न देणारं, पण पाणी झिरपू देणारं कापड). खडीत चुरा नको; पोकळ्या बुजतात आणि पाणी मुरायचं सोडून ओढ्याकडे धावतं. आडवा उतार 2 टक्के, ओढ्याच्या उलट दिशेला, गवत लावलेल्या चराकडे. काम चालू असताना गाळ अडवणारं कापड लागतंच. त्याची खालची कड 15 सेंमी मातीत गाडावी. नुसतं खुंट्यांना टांगलं (बहुतेक ठिकाणी तसंच दिसतं) तर गढूळ पाणी खालून निसटतं. चर उतारासकट नकाशावर दाखवला, तेव्हा मंजुरी निघाली.