कपाटामागची बुरशी : रंग मारायच्या आधी हे वाचा

गेल्या जुलैत ठेवणीतली साडी काढायला कपाट उघडलं तर कुबट वास भपकन नाकात, आणि नवऱ्याचा चामड्याचा पट्टा असा की कोणी पिठात घोळवून ठेवलाय. मग कपाट ओढलं तर मागच्या भिंतीवर हातभर काळंहिरवं. पेंटरने सांगितलं ताई एक हात मारतो, परत दिसणार नाही, आणि आम्हीही घाईत हो म्हटलं. सप्टेंबरात पोपडा धरून डाग पुन्हा त्याच जागी हजर. ओल तशीच ठेवून वरून रंग मारला की असंच होतं.

आधी बघा बुरशीच आहे ना. नुसती पांढरी भुकटी असेल तर पाणी मारून बघा, लोणा म्हणजे मीठच, तो विरघळून जातो, बुरशी जात नाही. मग ओल कुठली ते शोधा. जाड प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतूनच येतेय, बाहेरची भेग किंवा पाइप लीक असणार. खोलीकडच्या बाजूला थेंब असले तर घरातल्या हवेतलाच दमटपणा आहे. आमच्याकडे दोन्ही होतं, भिंत पश्चिमेची ना, पावसाचा सगळा मारा तिच्यावरच.

साफ करताना खिडकी उघडी, पंखा बंद (नाहीतर ती पूड घरभर उडते), एन९५ मास्क, हातमोजे, आणि दमा असलेलं माणूस आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. कोरडं घासायचं नाही अजिबात. साधं पांढरं व्हिनेगर पाणी न घालता स्प्रे करा, तासभर राहू द्या, मग भांड्याचा साबण लावून ब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसा आणि मग भिंत खडखडीत वाळेपर्यंत पंखा लावा. मार्बल आणि कडप्प्यावर व्हिनेगर नको, दगड खातं ते. बाथरूमच्या टाइल्सना ब्लीच चालतं, पण भिंतीत ते आत उतरत नाही, वरचा काळा रंग तेवढा जातो आणि आपल्याला वाटतं झालं काम. आणि हे नीट वाचा, ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन गॅस होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

पीओपी भिजून मऊ पडलं असेल तर घासत बसू नका, तेवढा भाग काढूनच टाका. चामड्याला व्हिनेगरचं किंचित ओलं फडकं, सावलीत वाळवणं, मग पॉलिश.

परत येऊ नये म्हणून हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा असतो. काहीशे रुपयांत ह्युमिडिटी मीटर मिळतो, आमच्या बेडरूममध्ये पावसात तो ८५ दाखवायचा, आणि का, तर दार बंद करून आत दोरीवर पाच जणांचे कपडे वाळत घातलेले! ते हॉलमध्ये पंख्याखाली हलवले, रात्री एसी ड्राय मोडवर आणि अंघोळीनंतर अर्धा तास एक्झॉस्ट, एवढ्यानेही बराच फरक पडला. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, मागे हवा खेळली पाहिजे. कापूर, कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या खुशाल ठेवा, कीड लागत नाही, पण दमटपणा त्याने हलत नाही. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, बंद कपाटात आठवड्याभरात तळाला पाणी साचलेलं दिसतं, ते ओतताना कपड्यांवर सांडू नका.

भिंतीतूनच ओल असेल तर मात्र बाहेरच्या भेगा बुजवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ते काम पावसाच्या आधी, मेपर्यंत. आतला सुटलेला गिलावा खरवडून भिंत पूर्ण वाळू द्या, मग बुरशीरोधक प्रायमर, मग पुट्टी आणि रंग, आणि हे सगळं दिवाळीनंतर. सोसायटीला पत्र द्यायचं असेल तर फेब्रुवारीतच द्या, मीटिंग आणि तीन कोटेशनं यातच मे उजाडतो. आमचं पत्र गेलं जूनमध्ये, त्यामुळे यंदाही ते कपाट खोलीच्या मधोमध उभं आहे आणि रात्री उठलं की सगळ्यांचे गुडघे त्यालाच आपटतायत.