सॅक्सोफोन, दारू आणि लगीनसराई : बँडमध्ये नव्याने येणाऱ्या पोरांसाठी

तुळशीचं लग्न लागलं की खान्देशात बँडवाल्यांचा हंगाम उघडतो, तो थेट पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर, शहादा, कुठेही जा, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ढोल, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला तारीख मोकळी नसते. मी याच धंद्यात सॅक्सोफोनवर उभा राहिलो, याच धंद्यात दारूत बुडालो आणि सुटल्यावरही याच धंद्यात टिकलो. अलीकडे दर हंगामाला नवी मुलं भेटतात. हात चांगला, कान तयार, आणि पुढच्या-मागच्या एखाद्या हंगामात त्यांच्या तोंडाला वास यायला लागतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं ठाम मत आहे की आपल्या कामाची घडीच अशी बसलेली आहे की माणूस तिकडे वळतो. त्यामुळे सुटायचं तर कामाची घडी बदलावी लागते. देवासमोर शपथ घेऊन भागत नाही, कारण शपथ घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वरातीत उभा असतो.

ही घडी कशी असते ते बघा. हंगामाआधी मालक उचल देतो. ती दसरा-दिवाळीतच संपते, आणि मग पुढचे सगळे महिने आपण फेडीत वाजवत असतो. हातात रोजचे पैसे थोडे, पण पाजणारे भरपूर. हळदीच्या रात्री बारा-एकपर्यंत वाजवायचं, शाळेच्या ओट्यावर नाहीतर टेम्पोत अंग टाकायचं आणि सकाळी गणवेश चढवून वरातीला उभं राहायचं. मधल्या रिकाम्या तासांत करायला काही नसतं. पिणं सगळ्यात जास्त त्या रिकाम्या तासांत होतं, वाजवताना कमी.

आणि मे महिन्यातली वरात! भुसावळकडे पारा 45 च्या घरात. मुहूर्त साडेबाराचा, वाजून गेला एक, नवरदेव घोड्यावर घामाघूम आणि पुढची पोरं बँडमास्तरला हलू देत नाहीत. सॅक्सोफोनचं पितळ हाताला चटके देतं, तोंडात धरायची रीडची पट्टी कोरडी पडते, कोटाच्या आत घामाच्या धारा लागतात. तेवढ्यात नवरदेवाचा मित्र पाण्याची बाटली पुढे करतो, आणि तिच्यात पाणी नसतं. "भो, एक घोट ली ले, मंग दख कसा सूर लागस!" त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण एवढ्या उन्हात दारू अंगातलं पाणी आणखी काढून टाकते, आणि ज्याला उभं राहून फुंकायचं आहे त्याच्यासाठी हे सरळ सरळ धोक्याचं आहे. वर सातपुड्यातल्या आदिवासी भागात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे गेलो तर मोहाची दारू पाहुणचारातच असते, देवालाही तीच वाहतात. त्या लोकांना दोष द्यायचं कारण नाही. आपण आधीच सांगायचं, हात जोडून, की मला चालत नाही. तिथे हे ऐकून घेतात. उलट शहरातले वऱ्हाडी जास्त आग्रह करतात, असा माझा अनुभव आहे.

आता त्या जुन्या समजाविषयी, की थोडी घेतली की सूर मोकळा होतो. हा समज आपल्या बँडपुरता नाही. गायक कुंदनलाल सैगल यांना घेतल्याशिवाय आपला आवाज लागत नाही असं वाटायचं. संगीतकार नौशाद सांगत की 1946 च्या 'शाहजहान' चित्रपटाच्या वेळी त्यांनी सैगलना न घेता गायला लावलं, आणि तेच गाणं सरस ठरलं. पण तोवर फार उशीर झाला होता. जानेवारी 1947 मध्ये सैगल गेले, वय अवघं 42.

सॅक्सोफोनवाल्यांनी चार्ली पार्करची गोष्ट तर माहीत करून घ्यायलाच हवी. हा अमेरिकन वादक हेरॉइनच्या आहारी होता आणि 1955 मध्ये 34 व्या वर्षी गेला. तो असा वाजवतो ते नशेमुळेच, असं त्या काळच्या कितीतरी तरुणांनी धरलं आणि तेही त्या वाटेला गेले. सॉनी रोलिन्स त्यातलाच एक. तो 1955 मध्ये उपचाराला दाखल झाला, बाहेर आल्यावर लगेच क्लबात वाजवायला गेला नाही, शिकागोत झाडलोटीसारखी कामं करत राहिला. मग त्याला क्लिफर्ड ब्राउन नावाचा ट्रम्पेटवाला भेटला. निर्व्यसनी, आणि वाजवण्यात कुणाला न ऐकणारा. असंही जगता येतं आणि असंही वाजवता येतं हे त्याच्याकडे बघून कळलं, असं रोलिन्स पुढे सांगायचा. ब्राउन 1956 मध्ये मोटार अपघातात गेला, वय 25. रोलिन्स मात्र ऐंशी ओलांडेपर्यंत मंचावर वाजवत होता. जॉन कोल्ट्रेन या आणखी एका सॅक्सोफोनवाल्याला नशेपायीच 1957 मध्ये ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने आपल्या बँडमधून काढलं. त्याच वर्षी तो सुटला, आणि आज जग त्याला ज्या कामासाठी ओळखतं त्यातलं बहुतेक त्यानंतरचं आहे. मी उपचारात असताना ही नावं कुणी मला सांगितली असती तर फार आधार वाटला असता, म्हणून इथे मुद्दाम देतो.

तुमच्या स्वतःच्या वाजवण्याविषयी शंका असेल तर एक करा. वरातीत मोबाइल खिशात चालू ठेवून रेकॉर्ड करा आणि सकाळी एकट्याने ऐका. प्यायल्यावर ओठांची पकड ढिली पडते आणि सूर उतरतो. मुखड्याच्या मध्येच श्वास तुटतो. ढोलवाला पुढे आणि आपण मागे. गर्दीत हे कुणाला कळत नाही, कारण गर्दीही प्यायलेली असते. दुसऱ्या बँडचा मालक मात्र रस्त्याच्या कडेला उभा राहून हेच ऐकत असतो.

दारूइतकंच मला गुटख्याविषयी तळमळीने सांगायचं आहे, कारण त्याला आपल्याकडे कुणी व्यसन म्हणतच नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी वरातीत निम्म्या पोरांच्या गालात पुडी असते. त्यातल्या सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू पांढरट आणि कडक होते, तोंड उघडायचं कमी होतं. पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी आपली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. मावत नसतील तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा. कडक झालेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही, फार तर आहे तिथे थांबवता येतो. फुंकून वाजवणाऱ्याचा गाल गेला म्हणजे वाद्य गेलं.

आता सोडण्याबद्दल. रोज आणि भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात घरच्या घरी बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरायला लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात, माणूस बरळतो, ताप चढतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे जा. गोळ्या आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हे दिवस नीट पार पडतात. कुठे जावं ते कळत नसेल तर 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. इकडचीही माणसं तिथे जातात. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका मोफत असतात. ही चळवळ 1935 मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनीच एकमेकांना धरून सुरू केली. तिथे 'फक्त आजचा दिवस' एवढंच मागतात. तारखेवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना ते बरोबर समजतं.

शरीरातून दारू गेली तरी वाजवणं परत यायला वेळ लागतो, आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं पिऊन वाजवलेली गाणी बोटांनी त्याच अवस्थेत पाठ केलेली होती. शुद्धीत उभा राहिलो तर ओळखीची गाणीही अडायला लागली, छाती धडधडायची, लोकांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. कला गेली असं वाटून पुष्कळ जण इथेच परत पितात. कला कुठे जात नाही. तिला शुद्धीत नव्याने शिकवावं लागतं. मी पहाटे बोरी नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन एकेक लांब सूर धरायचो, मोबाइलवरच्या तंबोऱ्याशी मिळवायचो. वरातीतलं गाणं निम्म्या लयीत, मग हळूहळू चढवत. आमचे नाना रोज काठावर येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत, पण मी उठल्याशिवाय उठायचे नाहीत.

कामाची घडी बदलायची ती अशी. उचल घ्यायचीच असेल तर कमीत कमी घ्या, आणि ती बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर टाकायला सांगा. बाकीचा हिशोब लिहून ठेवा. तारीख ठरतानाच मालकाला सांगा की पाणी आपलं आपण आणणार आणि पाजणाऱ्याला आवरायचं काम त्याचं. समजूतदार मालक ऐकतो, कारण शुद्धीतला वादक त्यालाही हवा असतो. जो ऐकत नाही त्याच्याकडे, शक्य असेल तर, काम करू नका. टेम्पोत पिणाऱ्यांसोबत झोपू नका. वाजवणं झालं की जेवा आणि मोटरसायकलने निघा, पण झोप आली असेल तर नको. बँडमध्ये न पिणारा एक तरी जोडीदार शोधा. ढोलवाला असो की लाइटच्या गाडीवरचा पोरगा, एक पुरतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जपा. गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात, मामाकडे-आत्याकडे जाणं होतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नांची गर्दी असते. माझ्या ओळखीतली बरीच माणसं आखाजीला घसरली. घसरलात तर त्याच संध्याकाळी कुणाला तरी फोन करा. लपवलेला एक घोट दुसऱ्या दिवशी दोन घोट होतो. आणि घरच्यांनो, त्या दिवशी शिव्या देऊ नका, जेवायला वाढा आणि सकाळी दवाखान्यात घेऊन जा.

पावसाळा हा दुसरा अवघड काळ. वाजवायला काही नाही, शेतात काम असलं तर असलं. या महिन्यांत शिका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्या, नोटेशन वाचता-लिहिता आलं पाहिजे. गावातल्या चार मुलांना शिकवा; संध्याकाळी पाच वाजता दारात मुलं येणार असली की चारला प्यायला माणूस धजत नाही. अहिराणी गाण्यांना सध्या मोठी मागणी आहे, स्टुडिओत वाजवायला बोलावतात. जाताना किती पैसे, नाव कुठे येणार, हे लिहून घ्या. चाल तुमची असेल तर 2012 च्या कायदादुरुस्तीनंतर रॉयल्टीतला तुमचा हक्क निर्मात्याला किंवा कंपनीला सही करून देऊन टाकता येत नाही, हे लक्षात असू द्या.

आणि एक फाइल करा. लग्नपत्रिका, मंडळांची पत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं, गणवेशातले फोटो, मागे तारीख आणि गाव लिहून. शासन ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं, पण इतकी वर्षं कला केली याचे पुरावे मागतं. आपल्यातल्या कितीतरी जुन्या मास्तरांकडे एक फोटोसुद्धा नाही.