बिर्रियाचे गरम रोल आणि कॉन्सोमे : या चुका टाळा

मक्याच्या पातळ भाकरीत, म्हणजे टॉर्टियात, मऊ शिजलेले बीफ आणि वितळणारे चीज भरायचे, ती गुंडाळी तव्यावर लालसर कुरकुरीत करायची आणि ज्या रश्शात मांस शिजले त्याच रश्शात, म्हणजे कॉन्सोमेत, बुडवून गरम गरम खायची, इतके या पदार्थाचे वर्णन सोपे आहे. बिर्रिया म्हणजे मिरचीच्या वाटणात मंद आचेवर शिजवलेले मांस; ती मूळची मेक्सिकोतील हालिस्को राज्याची आणि तिथे ती प्रामुख्याने बोकडाच्या मांसाची. सीमेलगतच्या तिहुआना शहरात बीफची बिर्रिया रुळली, तिला चीजची जोड मिळाली आणि तिथून ती लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर आली. गाड्यांवर टॉर्टिया बहुधा दुमडलेली मिळते; घरी मात्र बरेच जण गुंडाळी करतात, कारण ती रश्शात बुडवायला सोयीची पडते. इथे दक्षिण कॅलिफोर्नियात राहणारी मराठी कुटुंबेही आता हे रोल हौसेने घरी करू लागली आहेत आणि त्या हौसेपोटीच मला वारंवार तेच ते प्रश्न विचारले जातात: टॉर्टिया फुटली, रोल तव्याला चिकटले, रस्सा कडू झाला, मांस कोरडे पडले. यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ दोन ठिकाणी आहे, म्हणून त्या दोहोंबद्दल सविस्तर लिहिते.

टॉर्टिया रश्शात बुडवणे

ही चूक मी सर्वांत जास्त पाहते. गाडीवरचा माणूस भल्यामोठ्या पातेल्यात टॉर्टिया बुडवतो आणि ती लालभडक होऊन तव्यावर पडते, एवढेच बघणाऱ्याला दिसते. मात्र त्याचा हात पातेल्यात किती खोल जातो याकडे लक्ष दिले, तर तो रश्शापर्यंत पोहोचतच नाही असे आढळेल. त्या पातेल्यावर चरबीचा जाड थर तरंगत असतो, आपल्या तांबड्या रश्श्यावर जशी तर्री येते तसा, आणि टॉर्टिया फक्त त्या थरातून फिरवलेली असते. मिरचीचा लाल रंग चरबीत विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून तो थर रश्शापेक्षाही लाल असतो आणि टॉर्टियाला रंगही तोच देतो. घरच्या दोन-तीन किलो मांसाच्या पातेल्यावर हा थर अगदी पातळ येतो. त्यात टॉर्टिया टाकली की ती थर ओलांडून सरळ पाण्यात जाते. मक्याच्या पिठात गव्हासारखा चिवट ताण धरणारा घटक नसतो, त्यामुळे पाणी प्यायलेली टॉर्टिया हातातच मोडते, आणि मोडली नाही तर तव्यावर आधी पाणी उडवते, मग चिकटते आणि शेवटी लिबलिबीत राहते.

गेल्या हिवाळ्यात सॅन डिएगोत राहणाऱ्या एका तरुण जोडप्याने मित्रमंडळींना जेवायला बोलावले होते. मांस उत्तम शिजले होते, मिरच्याही नीट भाजलेल्या होत्या. मात्र पाहुणे यायच्या तासभर आधी फोन आला, "काकू, एकही रोल तव्यावरून अख्खा निघत नाहीये." मी जवळच राहत असल्यामुळे जाऊन पाहिले. रस्सा स्वच्छ, वर तेलाचा थेंबही नाही. चौकशी केल्यावर कळले, की वर आलेला सगळा लाल थर आरोग्याचा विचार करून झाऱ्याने काढला आणि गरम असतानाच सिंकमध्ये ओतला. म्हणजे ज्या वस्तूसाठी ही सगळी खटपट करायची तीच फेकून दिली होती, आणि वर सिंकचा निचरा तुंबण्याची सोयही झाली होती, कारण बीफची चरबी थंड नळीत गेली की मेणासारखी घट्ट बसते.

त्या संध्याकाळी आम्ही जे केले ते अशी वेळ आलेल्या कोणालाही करता येईल. वाटलेल्या मिरचीचे दोन-तीन मोठे चमचे वाटण बाजूला राहिले होते. अर्धी वाटी साधे तेल मंद आचेवर ठेवून त्यात ते घातले आणि त्यातले पाणी आटून बुडबुडे विरळ होईपर्यंत, न करपवता, परतत राहिलो. तेल लाल झाल्यावर ते गाळून घेतले आणि टॉर्टिया त्यात फिरवल्या. रोल अख्खे निघाले, रंगही आला. मांसाच्या चरबीचा स्वाद मात्र त्यात नव्हता आणि तो दुसऱ्या कशानेही येत नाही.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे, की बिर्रिया नेहमी आदल्या दिवशी शिजवायची. रस्सा गाळून, मांसापासून वेगळा करून, उथळ भांड्यांतून लवकर निववायचा आणि शीतकपाटात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वर नारिंगी-लाल चकती गोठलेली असते. ती सुरीने अलगद उचलायची, खाली लागलेला रस्सा पुसायचा आणि एका लहान पसरट भांड्यात वितळवायची. टॉर्टिया या भांड्यात एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने टेकवून लगेच उचलायची. भिजत ठेवायची नाही. ज्यांना त्याच दिवशी खायचे आहे त्यांनी रस्सा किमान अर्धा तास न हलवता राहू द्यावा आणि पळीने वरचा थर काढून घ्यावा. तेवढाही धीर नसेल तर हा पदार्थ त्या दिवशी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याच संदर्भात प्रेशर कुकरचा उल्लेख करायला हवा. मी कुकरच्या विरोधात नाही; पण शिट्टीच्या कुकरमध्ये प्रत्येक शिट्टीला आतला रस्सा जोरात उसळतो, चरबी बारीक कणांनी रश्शात मिसळते आणि थर नीट वेगळा होत नाही. शिवाय शिट्टी ओढून वाफ काढली, तर मांसाच्या आतले पाणीही उकळून बाहेर पडते आणि रस्सा भरपूर असूनही मांस कोरडे लागते. कुकर वापरायचाच असेल तर दाब आल्यावर आच अगदी मंद ठेवावी, मोठ्या तुकड्यांना पाऊण तास द्यावा आणि दाब आपोआप उतरेपर्यंत हात लावू नये. झाकण ठेवलेल्या जड भांड्यात, १६० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये तीन ते साडेतीन तास ही माझी पसंती आहे, कारण त्यात रस्सा फक्त हलका थरथरतो आणि चरबी स्वच्छ वर येते.

मिरची करपवणे आणि तरीही वापरणे

दीड किलो मांसाला मी आठ ग्वाहियो, तीन आंचो आणि तिखटासाठी दोन-तीन आर्बोल अशा वाळलेल्या मेक्सिकन मिरच्या घेते. ग्वाहियो रंग देते, आंचो गोडसर दाटपणा देते आणि आर्बोल फक्त तिखट असते. या मिरच्यांचे देठ आणि बिया काढून त्या मध्यम तापलेल्या कोरड्या तव्यावर भाजायच्या असतात, आणि भाजायच्या म्हणजे प्रत्येक बाजूला दहा-पंधरा सेकंद. साल किंचित फुगली आणि वास सुटला की काम झाले. आपल्याकडे काळ्या मसाल्यासाठी मिरची व खोबरे गडद भाजण्याची सवय असल्यामुळे अनेक जण इथेही मिरची काळी होईपर्यंत थांबतात, आणि काही जण एकीकडे तवा, एकीकडे फोन अशा अवस्थेत भाजतात. करपलेल्या ग्वाहियोचा कडूपणा वाटणात उतरतो, वाटणातून मांसात जातो आणि तीन तासांच्या शिजण्याने तो कमी होण्याऐवजी सगळीकडे सारखा पसरतो.

यावर साखर घालणे, टोमॅटो घालणे, मध घालणे असे उपाय सुचवले जातात. त्यांतला एकही चालत नाही. गोड आणि कडू असा रस्सा तयार होतो एवढेच. उपाय एकच आहे आणि तो मांस भांड्यात घालण्यापूर्वीच करता येतो. भाजलेल्या मिरच्या वीस मिनिटे गरम पाण्यात भिजवाव्यात आणि ते पाणी चमचाभर चाखावे. किंचित तुरट लागले तर पाणी टाकून द्यावे व वाटायला ताजे पाणी घ्यावे. स्पष्ट कडू लागले तर मिरच्याही टाकून द्याव्यात आणि नव्या भाजाव्यात. मिरच्यांची किंमत मांसाच्या किमतीपुढे काहीच नाही, तरीही मूठभर मिरच्या वाया जाऊ नयेत म्हणून पातेलेभर बिर्रिया बिघडवणारे लोक मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी मला त्या मांसाचे वाईट वाटले आहे.

भारतात या मिरच्या सहज मिळत नाहीत. बेडगी मिरची ग्वाहियोच्या जागी रंगाला चांगली चालते, पण तिची साल पातळ असल्यामुळे ती आणखी लवकर करपते. तिला तव्यावर पाच-सात सेकंद पुरे. आंचोचा गोडवा आणण्यासाठी वाटणात थोडे काळे मनुके घालता येतात. ग्वाहियो वापरली असेल तर वाटण गाळणे टाळू नये, कारण तिची जाड साल कितीही वाटली तरी रश्शात कागदासारखी तोंडात येते.

मांसाची निवड

चरबी नको म्हणून पाठीचा किंवा मांडीचा सडसडीत भाग घेणे ही चूक दुरुस्त होत नाही, ती फक्त टाळता येते. या शिजवण्याला खांद्याचा भाग आणि त्यासोबत नळी लागते. त्या भागांतील चिवट पडदे मंद आचेवर हळूहळू विरघळून रश्शाला चिकटसर अंग देतात. ओठांना किंचित चिकटणारा कॉन्सोमे तिथूनच येतो. मांस दोन तासांनी काट्याने तुटत नसेल तर ते बिघडलेले नसते, अपुरे शिजलेले असते. अशा वेळी आच वाढवू नये, वेळ वाढवावा. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्याबंदी असल्याने तिथल्या वाचकांनी म्हशीचे मांस किंवा सरळ बोकडाचे मटण घ्यावे. मटण घेतल्याने पदार्थ उलट त्याच्या मूळ रूपाच्या जवळ जातो. सीना आणि नळी मिसळून घ्यावी, नाहीतर टॉर्टियासाठी पुरेशी चरबी निघणार नाही.

मांसाचे धागे सुटे केल्यावर ते आडवे कापून इंचभर लांबीचे करावे, ही गोष्ट रोल करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. लांब धागे तसेच भरले तर पहिल्या घासासरशी आतले सगळे सारण बाहेर ओढले जाते. तसेच मांस भरण्यापूर्वी हाताने हलके पिळावे. निथळणाऱ्या मांसाने रोल आतून भिजतो.

इतर काही

शीतकपाटातून काढलेली टॉर्टिया थेट गुंडाळू नये. थंड झालेल्या मक्यातील स्टार्च कडक होतो आणि टॉर्टिया हमखास तडकते. सहा-सात टॉर्टिया तव्यावर गरम करून जाड पंचात गुंडाळून पाच मिनिटे ठेवाव्यात, म्हणजे आपल्याच वाफेने मऊ होतात.

मैद्याची टॉर्टिया या कामाला घेऊ नये. ती रश्शात बुडवताच पिठूळ होते.

चीज म्हणून पनीर किंवा कोतिहा चालणार नाही, कारण दोन्ही वितळत नाहीत. जुने चेडर वितळताना तेल सोडते. वहाका किंवा चिवावा चीज उत्तम; ते न मिळाल्यास कमी पाण्याचे मोझरेला घ्यावे आणि ते घरीच किसावे. पाकिटातल्या किसलेल्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून पिठाचा हात दिलेला असतो आणि ते एकसंध वितळत नाही.

सारण जास्त भरण्याचा मोह आवरावा. पंधरा सेंटिमीटरच्या टॉर्टियाला दोन चमचे मांस आणि तेवढेच चीज पुरते. चीज खाली, टॉर्टियाला लागून असावे. वितळल्यावर तेच जोड धरून ठेवते.

रोल तव्यावर ठेवताना उघडी कड खाली ठेवावी आणि दोन-तीन मिनिटे त्याला मुळीच हलवू नये. कड सुटते म्हणून टूथपिक टोचणाऱ्यांनी आधी थांबून पाहावे. नव्याने शिकणारे लोक दर दहा सेकंदांनी रोल उचलून बघतात आणि मग तो उलगडला म्हणून तव्याला दोष देतात. आच मध्यम हवी. मोठ्या आचेवर चरबीतील मिरचीचे कण करपतात आणि वर सांगितलेला कडूपणा मागच्या दाराने परत येतो.

कॉन्सोमेच्या बाबतीत दोन गोष्टी. मांस ज्यात शिजले तो रस्सा तसाच वाटीत ओतला तर तो दाट आणि उग्र लागतो. तो गरम पाणी घालून पिता येईल इतका सैल करावा आणि मीठ त्यानंतरच चाखून ठरवावे. आधी ठरवलेले मीठ रस्सा आटल्यावर नेहमी जास्त होते. प्रत्येक वाटीत लाल चरबीचा एक चमचा परत घालावा, बारीक कांदा आणि कोथिंबीर घालावी, आणि लिंबू ज्याचे त्याने पिळावे. वाटी वाढताना रस्सा वाफाळता असला पाहिजे. बीफची चरबी तोंडातल्या उष्णतेला पूर्ण वितळलेली राहत नाही, त्यामुळे कोमट कॉन्सोमे टाळूला चिकट थर देतो आणि खाणाऱ्याला वाटते की पदार्थच तेलकट आहे.

रोल आधी करून ठेवून नंतर गरम करता येत नाहीत. मायक्रोवेव्हमध्ये ते चामड्यासारखे होतात. मांस, रस्सा आणि चरबी मात्र वेगवेगळ्या डब्यांत तीन दिवस शीतकपाटात किंवा दोन-तीन महिने गोठवून उत्तम राहतात. पाहुणे असतील तेव्हा तेवढे तयार ठेवावे, आणि रोल सगळे बसल्यावर, चार-चार करून तव्यावर टाकावेत.