पानिपतावरून परतलेला भाऊ: मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी रचताना

दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी पेशवाईतली कादंबरी लिहायला घेतली की पहिले प्रकरण हमखास रणांगणावर जाते. भावाभावांची गोष्ट सांगायची असेल तर सुरुवात पुण्यातल्या एखाद्या घरात करा. इभ्रतीचा हिशोब घरात मांडला जातो. ओसरीवर कोण बसतो, पहिले पान कोणाचे, कर्ज कोणाच्या नावावर, हे मुलांना तलवारीइतकेच चटकन कळते.

काळ आटोपशीर घ्या. 1761 च्या वसंतापासून 1763 च्या पावसाळ्यापर्यंतची सव्वादोन वर्षे या विषयाला फार चांगली आहेत. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ गेले. 23 जूनला नानासाहेब पर्वतीवर वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. थोरल्या भावासाठी, विश्वासरावांसाठी, राखलेली जागा धाकट्यावर येऊन पडली. तुमच्या नायकाच्या घरात हेच लहान प्रमाणात घडू द्या. माधवराव मात्र कादंबरीत एकदाच, तेही लांबून दिसावेत. अकरा वर्षांच्या पोराने पेशव्यांना सल्ला दिला किंवा त्यांचा जीव वाचवला की गोष्टीवरचा विश्वास उडतो.

आता घराची रचना. बाप शिलेदार ठेवा. बारगिराला घोडा सरकारातून किंवा पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे असे. त्यामुळे घोडा मेला की फटका थेट घराला. बापाने शेत गहाण टाकून, सावकाराकडून कर्ज काढून थोरल्याला घोडा घेऊन दिला आहे. थोरला एकोणीस वर्षांचा, धाकटा अकराचा. थोरला पानिपतावरून परत येतो तो पायी, घोड्याशिवाय, आणि काय झाले ते सांगत नाही. शेजारचा मुलगा त्याच्याबरोबर गेला होता, तो आलेला नाही. इतके पुरे. यापुढे लोक एकच प्रश्न विचारतील: तो गेला, मग तू कसा आलास?

त्याच्या येण्याची वेळ नीट मोजा, कारण इथे हमखास गफलत होते. पानिपत ते पुणे अंतर ढोबळमानाने दीड हजार किलोमीटर. थकलेला माणूस रोज वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे सहा-सात कोस चालला तरी सत्तर दिवस जातात. त्यात आजारपण, लपून राहणे, नदीवर अडकणे धरा. माघात तो दारात उभा राहू शकत नाही. वैशाखात आणा, मग जेठात नानासाहेबांचा मृत्यू येतो आणि घरातले दुःख शहराच्या दुःखात मिसळते.

बापाला खलनायक करण्याचा मोह टाळा. ‘घरच्या अपेक्षा’ म्हटले की लेखक एक रागीट बाप उभा करतात आणि मुलांना कोणाची बाजू घ्यायची ते पहिल्या पानावरच कळते. त्याची बाजू खरी असू द्या. सावकार पूर्वी अंगणात उभा राहून बोलत असे. आता न विचारता ओसरीवर येऊन बसतो. बाप त्याला उठ म्हणत नाही. धाकटा हे खांबाआडून पाहतो. या एका प्रसंगात इभ्रत काय ते कळते, बापाच्या तोंडी भाषण घालावे लागत नाही. त्यानंतर ‘पुढच्या मोहिमेला तू तयार हो’ असे बाप धाकट्याला म्हणाला, तर ते मुलांना टोचेल आणि समजेलही.

आईकडे दागिना आहे आणि घोड्यासाठी तो द्यायचा की नाही हे तीच ठरवते. शेजारची सून कुंकू पुसत नाही. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनीही वैधव्य मानले नव्हते. ती बातमी गल्लीत पोचली की सुनेचा हट्ट वेडेपणा वाटत नाही.

संबोधने लिहिण्याआधी ठरवून एका कागदावर मांडा. धाकटा थोरल्याला ‘अहो दादा’ म्हणतो, बापाला ‘आबा’, आणि बापाशी बोलताना वर पाहत नाही. आई नवऱ्याचे नाव घेत नाही. हे कसोशीने पाळले तर एक मोठा प्रसंग फुकट मिळतो: वीस प्रकरणांत एकदाच धाकटा चिडून थोरल्याला ‘तू पळून आलास!’ म्हणतो. ते ‘तू’ ऐकून स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबतो. आधी कुठे चुकून ‘तू’ पडला असेल तर हा प्रसंग मेला.

पत्रांतही हीच उतरंड असे. धाकटा थोरल्यांना ‘साष्टांग नमस्कार विज्ञापना’ लिही, थोरले धाकट्याला ‘चिरंजीव’ म्हणून ‘आशीर्वाद’ लिहीत. अशी पत्रे वाचायला मोडी लिपी यायलाच हवी असे नाही. पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदपत्रांतून, इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले 45 खंड देवनागरीत छापलेले आहेत. पुण्यात सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन वाचत बसा. पन्नास पत्रे वाचली की वाक्याची लय कानात बसते. संवादात मात्र ती लय चिमटीभरच घाला, मुले दुसऱ्या पानावर अडखळतात.

वस्तूंसाठी पुण्यातलेच केळकर संग्रहालय पाहा: दिवे, अडकित्ते, दारे, भांडी. शनिवारवाड्याचे वर्णन आजच्या वाड्यावरून करू नका. लाकडी इमारत 1828 च्या आगीत गेली; उरले ते तट, दरवाजे आणि जोती. घरात चहा नको, टोमॅटो नको, काडेपेटी नको. वेळ मिनिटांत सांगू नका. घटका म्हणजे 24 मिनिटे, प्रहर म्हणजे तीन तास. एकदा प्रसंगातून कळले की मुले स्वतःच हिशोब करतात.

शेवटाकडे 1763 मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. लोक सामान घेऊन सिंहगडासारख्या गडांकडे पळाले. दोघा भावांची परीक्षा इथे घ्या. बापाला वाटते थोरल्याने हत्यार घेऊन फौजेत सामील व्हावे, गेलेली अब्रू परत आणावी. थोरला ठरवतो की शेजारच्या म्हातारीला आणि आपल्या घराला गडावर पोचवायचे. धाकट्याने कोणाची बाजू घेतली हे कृतीतून दाखवा, आणि त्याची किंमत मोजायला लावा. गाडीत जागा नाही म्हणून आजोबांचे खोगीर त्याने स्वतःच्या हाताने उतरवले, असे काहीतरी. सिंहगड जवळजवळ तीस किलोमीटर, लादलेली बैलगाडी तासाला तीनच्या वर जात नाही, बैलांना विसावा लागतो, आणि गडाची चढण पायीच. दीड दिवस धरा. एका रात्रीत पोचवलेत तर प्रवासातली सगळी भीती वाया जाते.

एकूण तीस हजार शब्द, दीड हजारांची वीस प्रकरणे. खर्डा झाला की चार-पाच मुलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रश्न लिहून घ्या. ‘मग त्याने आबांना खरं का नाही सांगितलं?’ असे एखाद्याने विचारले, तर थोरल्याच्या गप्प राहण्याचे कारण अजून कागदावर आलेले नाही. ते पाचव्या-सहाव्या प्रकरणात घाला, शेवटच्या प्रकरणात खुलासा म्हणून नको.